सुपडूला पास शिकवते आहे

म्हसावद,
६ ऑगस्ट २०२५, बुधवार

चि. रुपास आजीचा पोटभर आशीर्वाद. जावयांनाही आशीर्वाद सांग. त्यांचं नाव मला नीट ठाऊक नाही, राग मानू नका म्हणावं.

इकडे सर्व ठीक आहे. गुडघे आहेत तसेच. गाय व्याली, गोऱ्हा झाला, कपाळावर पांढरा टिळा आहे. पाऊस बरा आहे. माझं अक्षर किडामुंगीचं आहे, चौथीतच शाळा सुटली, तरी तू लावून वाचशील.

आता खरी बातमी. रुपा, आपण जिंकलो! मी एकटीच टाळ्या वाजवत होते. तू लग्नाआधी इथे राहून गेलीस तेव्हा मोबाईलमध्ये मला बास्केटबॉलची टीम काढून दिलीस ना, ती आता दुसऱ्या नंबरला आहे. आधी मला वाटलं होतं की बोटाने बॉल फेकायचा असेल. तू म्हणालीस, "आजी, खेळायचं नाही, पोरं सांभाळायची. दर आठवड्याला त्यांना काय शिकवायचं एवढंच ठरवायचं." म्हटलं हे तर मी जन्मभर केलंय.

पण सुरुवातीला चुकलेच. मी पंगतीत वाढते तसं केलं. एक आठवडा पास, एक आठवडा उडी मारून बॉल टाकणं, एक आठवडा दम, आणि सगळ्यांना सारखं खेळवायचं, कोणी उपाशी राहायला नको. झालं काय, कोणालाच काही येईना. तू किती हसलीस! म्हणालीस, "आजी, दोन-तीन पोरं धर आणि एकच गोष्ट धरून बस." मला ते फार जड गेलं. बाकीच्यांना बाकावर बसवून ठेवायचं म्हणजे जेवणाच्या वेळी ओट्यावर बसवल्यासारखं वाटायचं.

त्या पोरांची नावं परदेशातली, जिभेला वळत नाहीत. म्हणून मी माझी ठेवली. सात फुटी आहे तो सुपडू. बुटका, तुरुतुरु पळणारा तो नवल. परवा मंगलाबाई ताक न्यायला आली तर मी मोबाईल धरून बोलत होते.

"काय वं कौसाबाई, कोणासंगे बोली ऱ्हायनी?"

"मन्हा सुपडूसंगे."

"हाऊ कोण सुपडू?"

"मन्हा पोऱ्या शे. सात फूट उंच शे."

तिने ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला! ताप आहे का म्हणून. मग दोघी खूप हसलो. ती गेल्यावर घर परत गप्प झालं. तुझा बाप हेमकांत आणि तुझी आई नंदुरबारला, तुझा भाऊ भाग्येश त्याच्या क्लासला, शेत बटाईने दिलेलं. मग मी पुन्हा सुपडूशी बोलले.

तर सुपडूचं सांगत होते. उंच पोराला सगळे लोक फळीवरून उलटून आलेला बॉल पकडायलाच शिकवतात. मीही तेच शिकवलं, चांगलं आलं त्याला. पण मग बॉल त्याच्याकडे जायचा आणि तिथेच राहायचा. बाकीचे हात पसरून उभे. म्हणून आता त्याला पास शिकवते. त्या खेळातच एका माणसाने मला लिहिलं की म्हातारी वेडी आहे, उंच माणसाला पास यायला फार वेळ लागतो. लागू दे. मला कुठे जायचंय?

रुपा, माझा आता सामना तुझ्या टीमशी आहे. त्याच खेळातली तुझी टीम मी रोज उघडून बघते. तू तिथे कधी येऊन गेलीस ते लिहिलेलं दिसतं. तुझा नंबर बदलला, पत्ता माझ्याकडे नव्हता, पण तेवढं दिसायचं. काल येऊन गेली म्हणजे बरी आहे, पोरांना सराव लावला म्हणजे जेवली असेल, असं मी धरायचे. वैशाखातल्या आखाजीपर्यंत तू येत होतीस. आखाजीनंतर एकदाही नाही.

आखाजीला गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी आल्या होत्या. झोके बांधले, गाणी म्हटली. तुला घ्यायला कोणी गेलं नाही. मी पिशवी भरून ठेवली होती माझी, पण एकटीला पुण्याची गाडी कळत नाही. आणि तू आपल्या मनाने लग्न केलंस तेव्हापासून हेमकांतसमोर तर वर्षभर तुझं नाव निघत नव्हतं.

मी त्या खेळातूनच तुला चिठ्ठी पाठवली, तीही तू उघडली नाहीस. आणि तूच सांगितलं होतंस ना, हंगाम संपेपर्यंत मालक आला नाही तर ते टीम काढून घेतात. हंगाम संपत आला बाई. तुझी टीम गेली तर मी सकाळी उठून काय बघू?

आता कानबाईच्या सणाचं सांगते. यंदा सगळे आले होते, तुझे दोधू आबाही आले. नैवेद्याच्या रोटाचे गहू घ्यायला मीच बसले. तुला माहीत आहे, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. दोधूची घेतली, हेमकांतची घेतली, भाग्येशची घेतली. संपलं. पण माझा हात टोपलीतून निघेना. मी मोठ्याने म्हटलं, रुपा. आणि सव्वा मूठ घेतली.

दोधू म्हणाला, "वहिनी, पोरीना नावनी मूठ ऱ्हात नही."

मी म्हटलं, "ऱ्हात नही ना? आते ऱ्हाई."

तुझी आई भिंतीकडे बघत होती. हेमकांत उठून गोठ्याकडे गेला. मी ते गहू परत टाकले नाहीत, तसेच दळले.

रविवारी रोट झाले. रोट घराबाहेर देता येत नाही, पोस्टाने तर नाहीच, आणि पुनवेच्या आत संपवावा लागतो. सगळे जेवले. तुझ्या नावाचा ताटात राहिला. भाग्येशने हात पुढे केला तर हेमकांत म्हणाला, "ठेव." त्याने ताट ओढलं, आमच्याकडे पाठ केली आणि एकट्याने खाल्ला. खीर वाढू का विचारलं, नको म्हणाला. कोरडाच खाल्ला, सगळा.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून आलो. तो माझ्याजवळ पायरीवर बसला. माझ्या हातात मोबाईल होता. त्याकडे बघत म्हणतो, "माय, तिनी टीम कितवी शे?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं! मी म्हटलं, खालून पहिली, ती उघडतच नाही. काढून टाकतील का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, टाकतील.

आज सकाळी नंदुरबारला निघताना तो म्हणाला, तिला पत्र लिहायचं असलं तर लिही, आणि पाकीट मागितलं. पाकिटावरचं अक्षर माझं नाही, ते तू दारातच ओळखलं असशील. पत्ता त्याने कुठे बघून लिहिला नाही. त्याला तो पाठ होता, पिनकोडसुद्धा.

त्याचा नंबर तोच आहे. आधी आपल्या पोरांना सराव लावून घे, मग त्याला फोन कर. रिकाम्या टीमला हरवायला मला आवडणार नाही.

तुझी आजी, आणि तुझ्या समोरच्या टीमची मालकीण,
कौसाबाई