बाणानंतरचे आठ तास

हॅल्वर्सन रिज, विस्कॉन्सिन
९ नोव्हेंबर १९९६

चि. आर्डिस हिला दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि मी बोललो की तू फोन आपटतेस, म्हणून लिहितो. तुझ्या पोराने, ट्रॉयने, माझा नर घालवला.

चार वर्षं मी त्या हरणाला सोडत आलो. लहान होता तेव्हा मचाणाखाली ओकची फळं खात उभा राहायचा. सोडला. पुढे शिंगांना आठ टोकं आली, तरी सोडला. लोक विचारायचे, वर्लिन, तू शिकारी आहेस की सुईण? यंदा दहा टोकं, मान बैलासारखी भरलेली. माझा खांदा पुढच्या वर्षी धनुष्य ओढेल असं वाटत नाही, म्हणून यंदाच. गुरुवारी सकाळी सात वाजता मादीचा वास काढत तो वीस पावलांवर आला. बाण सुटला आणि नेमका तेव्हाच तो पुढे सरकला. बाण पोटात लागला. पात्याला हिरवी घाण होती.

पोटात बाण लागला की आठ तास त्याच्या मागे जायचं नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. जनावर जवळच बसतं आणि तिथेच मरतं. उठवलं तर मैलभर जातं, रक्तही सांडत नाही, मग शोधा! मी ट्रॉयला बोलावलं. साहेब आले ते तडक ओढ्यापलीकडे घुसले. बसल्या जागी रक्त, नर गायब. शंभर किलोचं जनावर कोल्ह्यांच्या घशात!

काल गिरणीवर कॉफीला जमतात त्या सगळ्यांना सांगून आलो की ट्रॉयला रानात पाऊल टाकू देऊ नका. माझं रान त्याला बंद. माझं डोकं इतकं फिरलंय की रक्तदाबाची गोळी एकदा घेतली की दोनदा, तेही आठवत नाही.

राग तुझ्यावर नाही. तूही धरू नकोस.

तुझा,
वर्लिन


१४ नोव्हेंबर १९९६

ती. दादास आर्डिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना माझी लेफ्से, बटाट्याची पोळी, तव्यावर करपली.

ट्रॉयला विचारलं. खाली बघून म्हणाला, हो आई, मीच घाई केली. पण दादा, गुरुवारी दहा वाजेपर्यंत तो माझ्या तळघरात पाण्याचा पंप खोलून बसला होता. साडेनऊला तुझा फोन मीच उचलला. तुला धाप लागली होती, आणि तू आधी हेच म्हणालास की नर उठून गेला. मग माझा मुलगा माझ्या तळघरात असताना तुझा नर उठवला कोणी?

त्याला स्वतःचं वीतभर रान नाही. लोक भरवशावर येऊ देतात, म्हणून त्याच्या पोरांना हिवाळाभर मांस मिळतं. तुझ्या कृपेने तिघांनी नाही म्हटलं. तरी रोज कामावरून सुटला की तो तुझ्या शेजारच्या टॉलेफ्सन बाईंच्या परवानगीने त्यांच्या रानात तुझं हरीण शोधत होता. काल सापडलं. त्यांच्या उंच गवतात, मांस वाया गेलेलं. त्याने हात लावला नाही. म्हणाला, परवान्याचा टॅग मामाचा लागतो.

नमस्कार लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला.

आर्डिस


२० नोव्हेंबर १९९६

चि. आर्डिस हिला आशीर्वाद. वि. वि.

तू वकील व्हायला हवी होतीस.

हो, मीच गेलो. अर्धा तास बसलो. पश्चिमेला आभाळ भरलं, आणि वाटलं, पाऊस आला तर माग धुऊन जाईल. म्हटलं, रानाच्या कडेपर्यंत बघू. मग ओढ्यापर्यंत. साठ वर्षं लोकांना बसा बसा सांगणारा मी. नर माझ्याकडे बघत उठला आणि चालत गेला. पळालासुद्धा नाही. आणि पाऊस? थेंब नाही! माझा माझ्यावरच इतका संताप झाला की तो ठेवायला जागा हवी होती. तेवढ्यात ट्रॉयची गाडी आली.

शनिवारी टॉलेफ्सन बाईंच्या गवतात गेलो. तो वास तुला काय सांगू. माझा एकुलता टॅग लावला. यंदाची माझी शिकार तीच, कुजली तरी माझीच.

मग काल गिरणीवर टोपी काढून सगळ्यांसमोर सांगितलं की नर मी उठवला. तर त्यांच्यातला ओर्लिन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, भाच्यासाठी खोटं बोलणारा मामा बघून घ्या रे! ट्रॉय म्हणे आधीच येऊन चूक आपली म्हणून गेला, आणि म्हाताऱ्याला छेडू नका असंही बजावून गेला. मी टेबलावर मूठ आपटली. तर मला फुकट कॉफी दिली, वर डोनट!

माझ्या नावचं पाप स्वतःच्या नावावर लिहायचा अधिकार त्या गाढवाला कोणी दिला? त्याला सांग, शनिवारी बंदुकीचा मोसम सुरू होतोय, त्या धुमाळीत नको. सात डिसेंबरला धनुष्य घेऊन ये. मचाण तुझं, रान तुझं. उशीर केलास तर याद राख. तोवर मी रोज गिरणीवर जाणार आहे. त्यांचा विश्वास बसेपर्यंत तेच सांगणार, आणि कॉफीचे पैसे मोजून टेबलावर ठेवणार.

माझ्यावरचा लोभ आटला असेल तर मी दोष देणार नाही, पण थोडा उरला असेल तर कळव.

तुझा,
वर्लिन