कागदावरचा अंगठा

बाबा, तू गेलास त्याला तीस वर्षं होऊन गेली. तू असतास तरी हे पत्र तुला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातलं काहीही दुसऱ्यानं वाचलेलं तुला चाललं नसतं. आता ती अडचण नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

आपल्या घरात माझ्या आधी एक मुलगा झाला होता. मी त्याला पाहिलं नाही. आईकडून ऐकलं ते इतकंच, की मुरबाडहून देवी टोचणारा आला, त्यानं त्या तान्ह्या पोराच्या दंडावर टोचलं, दंड सुजला, पिकला, आणि बाराव्या दिवशी पोर गेलं. टोचल्यानंच गेलं की त्याला आणखी काही झालं होतं, हे सांगणारं तेव्हा गावात कोणी नव्हतं. आईला मात्र जराही शंका नव्हती. त्यानंतर देवी डॉक्टर आल्याची हूल उठली, की ती आधी मला आणि पुढं धाकटीला पदराखाली घेऊन रानात जायची आणि करवंदीच्या जाळीमागं दिवस काढायची. ती एकटीच होती असंही नाही. धसईच्या बाजारातून माणसं दर आठवड्याला नवीन काही ऐकून यायची. त्या औषधात वासराचा पू असतो, टोचून घेतलं की जात बाटते. ज्या पोरांच्या दंडावर खूण असेल ती पोरं मोठी झाली की सरकार उचलून नेणार. तू बाजारातून यायचास, पाटी उतरवायचास, आणि यातलं काही खरं की खोटं ते कधीच बोलायचा नाहीस.

मी तिसरीत असताना गुरुजी घरोघर कागद घेऊन फिरले. शाळेतल्या मुलांना देवी टोचायच्या आहेत, आईबापांनी अंगठा उठवायचा, मगच टोचतील, असं ते सांगत होते. तो कागद सरकारी होता की पुढची भांडणं टाळायला गुरुजींनी स्वतःच काढलेला, ते मला आजही माहीत नाही. आपल्या अंगणात ते आले तेव्हा आई भात कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं नाही. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ताई, साथ आली तर पोरं जातात. हे टोचलेलं असलं म्हणजे वाचतात."

"माजा गेला तो टोचल्यावरच गेला," आई म्हणाली. "तुमी होता तवा? नाय ना? मंग माजे पोरीला हात नाय लावायचा."

गुरुजींनी तुझ्याकडं पाहिलं. तू ओटीवर दोर वळत होतास. मान वर न करता म्हणालास, "ती बोलली तेच माजा." गुरुजी कागदाची घडी करून निघून गेले. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला. आपल्या घरात आई बोलते आणि बाप तिच्या पाठीशी उभा राहतो, असं मी मैत्रिणींना सांगितलं.

शिमगा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. त्या सकाळी मी शेरडं घेऊन जाणार होते, पण तू म्हणालास, "आज शाळंत जा, शेरडा मी बगतो." आईला वाटत होतं डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार, तसं तिला नेमकं कोणी सांगितलं होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. देवळाच्या पडवीत आमची शाळा भरायची. तिथं पत्र्याची पेटी उघडून एक टोपीवाला माणूस बसला होता. निम्मी मुलं आलीच नव्हती. आलेल्यांतल्या सहा-सात जणांना गुरुजींनी एकेक करून पुढं बोलावलं, आणि त्यात माझं नाव घेतलं. मी म्हणाले, "माज्या घरी नाय बोललेत." गुरुजी एवढंच म्हणाले, "ये बाळ, घाबरू नको." त्या माणसानं गोल दातेरी सुई दंडावर टेकवली आणि फिरवली. दुखलं फार नाही. पण गुरुजींनी फसवलं, हे तिथंच माझ्या मनात बसलं.

चौथ्या दिवशी आईनं अंघोळ घालताना दंड पाहिला. ती ओरडली, ते शेजारच्या चार घरांनी ऐकलं. तासाभरात देवळासमोर माणसं जमली, तूही त्यांच्यात होतास. आई गुरुजींना म्हणाली, "अंगठा कोनाचा हाय, दाखवा! कोनी दिला?" गुरुजींनी कागद कोटाच्या खिशातून अर्धा काढला. माझं सगळं लक्ष त्या कागदावर होतं, म्हणून एक गोष्ट मी पाहिली पण मला ती समजली नाही: गुरुजींनी आधी तुझ्याकडं बघितलं. मग कागद परत आत ठेवला आणि म्हणाले, "अंगठा नाही. माझी चूक झाली. मी न विचारता टोचून घेतलं." कोणीतरी त्यांच्या अंगावर शेण फेकलं. तू पुढं झाला नाहीस, मागंही झाला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून शाळेत कोणी गेलं नाही, मुरबाडला तक्रार गेली, आणि पावसाच्या आत गुरुजींची बदली झाली. त्यांचं सामान बैलगाडीत चढत होतं तेव्हा आम्ही मुलं टेकाडावरून हसत होतो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

माझा दंड पिकला, खपली धरली, पडली. मला काही झालं नाही. आई रोज कपाळाला हात लावून बघायची आणि ताप नाही म्हटल्यावरही तिची नजर निवायची नाही.

दोन वर्षांनी वैशाखरे गावाकडून देवी आल्या आणि आपल्या आळीत शिरल्या. धाकटी पाच वर्षांची होती. आईनं दाराला कडुलिंब लावला, चुलीवर फोडणी बंद झाली, घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही असं ठरलं. मी सगळा वेळ धाकटीच्या उशाशी बसून लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होते. तिच्या पापण्यांवरही फोड होते. ती मला विचारायची, "ताय गो, तुला कशा नाय आल्या?" त्याचं उत्तर आईकडं होतं. धाकटी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती तुझ्यासमोर म्हणाली, "मोठीला बाटवली म्हनून देवी धाकटीवर कोपली. त्या मास्तरानं माजी पोर मारली." तू उठून गोठ्यात गेलास. त्यानंतर आई माझ्या दंडाकडं बघून बोलायची, माझ्याकडं बघून नाही. एका ताटात ती माझ्याबरोबर पुन्हा जेवली नाही. तू मला शहापूरला आत्याकडं शिकायला ठेवलंस, ते मला घरातून काढायला, असंच मी धरून चालले.

मी तिथंच शिकले आणि तिथंच मास्तरीण झाले. दुसरी मोठी लढाई चालू होती. माझ्या शाळेतही देवी टोचायचा दिवस आला, आणि आता मीच घरोघर जाऊन आयांना विनवत होते. त्या मला तेच विचारत होत्या जे आईनं विचारलं होतं. एक बाई म्हणाली, "तुजा काय जातंय गो, पोर आमची." त्याच आठवड्यात बाजारात गुरुजी दिसले. केस सगळे पांढरे झाले होते. मी ओळख दिली, आणि इतक्या वर्षांचं तोंडातून गेलंच: "तुम्ही मला वाचवलंत, पण माझ्या आईशी खोटं बोललात. न विचारता टोचलंत."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "बोललो खरा खोटं. पण न विचारता नाही टोचलं. तुझा बाप मागाहून एका दुपारी शाळेत आला होता, शेतातून, पायांना माती तशीच. अंगठा उठवला आणि म्हणाला, हिच्या आयेला कवा कळता कामा नये. मी शब्द दिला."

मला त्यांचंही खरं वाटेना. माणूस आपल्यावरचा डाग दुसऱ्यावर ढकलतोच. म्हणून सुट्टीत मी घरी आले, तुझ्याबरोबर बांधावर गेले आणि सरळ विचारलं. तू विळा खाली ठेवलास. "धाकटीचा पन उटवायचा व्हता," तू म्हणालास. "मास्तर बोलला, ल्हान असल ती पन आना. पन ती सारखी तुज्या आयेच्या कडंवर. कशी काडून नेऊ? आनि नेली असती, आनि तिला त्या पयल्या पोरावानी झाला असता तं?" मग पुन्हा विळा उचलून म्हणालास, "आयेला सांगू नको."

मी तुला त्या दिवशी एक शब्द बोलले नाही, आणि पुढच्या वर्षी तू गेलास. मी रागावले होते, बाबा. टोचलंस म्हणून नाही. गुरुजी शेण पुसत उभे होते आणि तू गर्दीत उभा होतास, म्हणून. आज मी तू होतास त्याहून जास्त वयाची आहे आणि तुझी बाजू मला दिसते: धाकटी गेल्यावर तू खरं सांगितलं असतंस तर आईला पोरीबरोबर नवराही गेल्यासारखं झालं असतं. दिसते, पण पुरती पटत नाही. तू स्वतःसाठी गप्प राहिलास की तिच्यासाठी, याचा संशय माझ्या मनातून जात नाही.

आई गेल्या श्रावणात गेली. शेवटच्या आठवड्यात ती चांगली शुद्धीवर होती. एका सकाळी मी तिला पेज भरवत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "खरा सांग. त्या कागदावर तुज्या बापाचा अंगठा व्हता ना?" तिला किती वर्षांपासून शंका होती कोण जाणे. तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, हो म्हटलं असतं तर तिनं ते सोसलं असतं, कदाचित तिला बरंही वाटलं असतं.

मी म्हणाले, "नाय गो आये. गुरुजींनीच न इचारता केला."