दंडारीतला मावसभाऊ

२१ ऑक्टोबर १९५६, रविवार

नथ्थू चांद्याहून परत आला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, गुळगुळीत दाढी — नवरदेवच! बाबासाहेबांकडून बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला. बायको गुणाबाईनेही घेतली. घरातले देव त्यांनी आल्याआल्याच हलवले म्हणे.

मी ओसरीवर पेटी उघडून बसलो होतो. पावसाळ्यात तिचा मधला एक सूर चिकटतो, तो खरडत होतो. दरवर्षी हंगामाआधी नथ्थू येतो तो खाली अंगणात उभा राहून बोलतो. आज सरळ वर आला आणि माझ्या शेजारी बसला. आत बायकोने, सुगंधाने, भांडं आपटलं. मी पेटीत डोकं घातलं.

म्हणाला, "यंदाबी वाजवीन. गणाच्या वेळेस वाजवीन, पन हात जोडनार नाई. आन् एक सांगून ठेवतो लटारू, गाडीजवळ बसून जेवनार नाई. पंगतीत जागा असन तं जेवीन."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. म्हणालो खरा.

तो गेल्यावर आठवत बसलो. पंधरा-सोळा वर्षं आमची जोडी आहे. मी पेटी, तो ढोलकी. दंडार, म्हणजे आमचा रात्रभराचा नाच-गाण्याचा खेळ, कुठल्याही गावची असो, खेळ संपला की तो पत्रावळ घेऊन बैलगाडीजवळ बसायचा आणि मी आत पंगतीत आग्रह करवून घ्यायचो. मला ते दिसत नव्हतं असं नाही. त्यात काही वावगं आहे असं वाटत नव्हतं. हे लिहितानाही कान गरम झाले.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून आपण मुंबई राज्यात! काल निजलो तेव्हा मध्य प्रदेश होता. नागभीड स्टेशनवरच्या चहाच्या दुकानात एक जण मुंबईच्या बाजूने, दुसरा वेगळ्या विदर्भाच्या बाजूने. हातघाईवर आले, बशी फुटली. दुकानदार म्हणाला, "राज्य कोनतंबी आना बाप्पा, बशी मले भरून द्या."

मुखरूभाऊंनी — मंडळीचे मालक — हंगाम ठरवून टाकला. भाऊबीज झाली की मंडया, गावोगावच्या जत्रा, सुरू. आधी चिचटोला, तिथे आम्ही पहिल्यांदाच जातोय. मग वैनगंगेपलीकडे जंगलातलं गाव. पुढे शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतींच्या वेळचे, खेळ.

मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "नथ्थूचं का करायचं?"

"वाजवतो म्हणतो."

"तो वाजवन. पन लोकाईचं का?"

मी पान लावत बसलो.

८ नोव्हेंबर

तालीम. नाच्या बिरजूचा आवाज बसलाय. नथ्थूचा हात मात्र काय चालला आहे! तोच माणूस, तीच ढोलकी, पण कोणाला विचारून वाजवत नाही असं वाटतं.

१२ नोव्हेंबर, सोमवार

चिचटोल्याहून आलो. लिहू नये असं वाटतं. पण बोलणार कोणाशी?

काल पहाटे पोचलो. मी पडल्या पडल्या झोपलो तो दुपारी उठलो. नथ्थू खुशीत होता. काय रे, विचारलं, तर म्हणाला, "राती पाहजो." मला वाटलं, नवीन काही हात बसवला असेल.

संध्याकाळी मांडवाच्या खांबाजवळ पाच-सहा जण कुजबुजत उभे. त्यांतल्या एकाने बिरजूला विचारलं, "तुमच्यात चांद्याले जाऊन आलेला कोन आहे?" बिरजू घाबरून माझ्याकडे आला. त्यात आमच्या गाडीवाल्याने वाटेतच सांगितलं होतं, की कुठल्याशा गावात याच कारणावरून मांडव उपटला. मुखरूभाऊ म्हणाले, "मास्तर, आता तुमीच पाहा."

त्या गावाची एक रीत आहे. खेळ उभा राहण्याआधी पाटील एकेका वाजवणाऱ्याला पुढे घेतो, सगळ्यांसमोर त्याचं नाव विचारतो आणि कपाळाला गुलाल लावतो. उत्तर त्या माणसाने द्यायचं नाही, पेटीमास्तरने द्यायचं. जोडीदाराची ओळख जोडीदाराने सांगायची — चांगली रीत आहे!

गुणवंतराव पाटील उंच, पांढऱ्या मिशांचे. टाळवाल्याचं झालं. मग नथ्थूच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "मास्तर, हे कोन?"

नथ्थू ताठ उभा, माझ्याकडे पाहत. जवळजवळ हसत होता.

मी म्हणालो, "हा माझा मावसभाऊ."

गुणवंतराव माझ्याकडे बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी गुलाल लावला. नथ्थूने मान खाली घातली आणि ढोलकीची दोरी ओढत बसला. दोरी आधीच ताणलेली होती.

वाजवलं मात्र त्याने असं की म्हातारीकोतारीसुद्धा उठून उभी राहिली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पेटी आणि ढोलकी एकमेकांकडे न पाहता वाजवतात तेव्हा काय होतं ते कालच कळलं. ताल चुकत नाही. बाकी सगळं चुकतं.

सकाळी पंगत. गुणवंतराव स्वतः नथ्थूला बोलवायला आले. तो हलला नाही. ते पुढे गेल्यावर मला हळूच म्हणाला, "हे जागा मास्तरच्या मावसभावाची आहे. तो येन तं बसवजा त्याले." ढोलकी खांद्याला अडकवली आणि उपाशीच पायी निघाला.

मी जेवलो. वडे होते. दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा नको म्हणालो, एवढंच काय ते.

१३ नोव्हेंबर

खेळ तर वाचला ना! आणि त्यालाही मार बसला नाही. मी खोटं बोललो ते त्याच्याचसाठी. दिवसभर हेच घोकतोय. सुगंधाला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग झोप काऊन नाई लागली तुमाले?"

२५ नोव्हेंबर, रविवार

नथ्थू तालमीला नाही. त्याच्या घरी गेलो. दारात गुणाबाई सूप घेऊन उभी. मी विचारलं, नथ्थू आहे का?

"नथ्थू आहे ना. पन तुमचा मावसभाऊ या घरात राहत नाई, लटारूभाऊ."

नथ्थू आतून आला. "बोला मास्तर," म्हणाला. मास्तर! बोला! मला आजवर त्याने कधी अहो-जाहो केलं नव्हतं. पुढच्या खेळाचं विचारलं. "दुसरा पाहून घ्या," म्हणाला. आवाज चढला नाही, काही नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

दुसरा पाहिला — लच्छू, लग्नाच्या बँडमधला. दंडारीला वरात समजतो.

७ डिसेंबर, शुक्रवार

स्टेशनवर रेडिओवर कळलं. दिल्लीला बाबासाहेब गेले.

नथ्थूच्या वस्तीत चूल पेटली नाही. रडणं आमच्या घरापर्यंत ऐकू येतंय. दीक्षा घेऊन दोन महिने झाले नाहीत, आणि हे!

मी निघालो होतो त्याच्याकडे. चिंचेच्या झाडापर्यंत गेलो. पुढे सगळी माणसं बसलेली, मधे नथ्थू, डोकं गुडघ्यात. विचार आला, कोण म्हणून जाऊन बसू? तिथूनच परत फिरलो. माझा बाप मेला तेव्हा हा माणूस पावसात अंगणात उभा होता, तिरडी उचलेपर्यंत. त्याला कोणी आत ये म्हटलं नव्हतं. मीही नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

नदीपलीकडचा खेळ झाला. डोंग्यातून, लाकडी होडीतून, पेटी नेताना जीव मुठीत. दाट जंगल, थंडी, जागोजाग शेकोट्या.

त्या गावचा लालसू म्हातारा. मराठी त्याची अर्धीमुर्धी, पण ढोलकीचा कान पक्का. लच्छूने दोन हात वाजवले न वाजवले तोच त्याने खेळ थांबवला. "तो कुठी? तो ढोलकीवाला? मागच्या सालचा?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि माझी जीभ! म्हणालो, "आजारी आहे. ताप आहे त्याला."

म्हातारा हळहळला. बायकांशी त्यांच्या बोलीत बोलला. सकाळी निघताना वाळक्या भोपळ्याच्या एका तुंब्यात मध आणि पानात बांधलेली कसलीशी मुळी घेऊन आला. "हे उगाळून दे. मधात दे. दोन दिवसात उठते. आन् पुढच्या साली त्याले आनजो, नाई तं तूबी येऊ नको."

तुंबा मांडीवर घेऊन आलो. डोंग्यात लच्छू म्हणाला, चाखून पाहू? मी असा ओरडलो की डोंगा हलला.

२३ डिसेंबर, रविवार

चार दिवस तुंबा फळीवर होता. सुगंधा म्हणाली, मुंग्या लागतील. शेवटी आज घेऊन गेलो.

नथ्थू अंगणात ढोलकीला शाई भरत होता. तुंबा पुढे ठेवला. सगळं सांगावं लागलं. लालसू, ताप, मुळी.

तो ऐकत राहिला. मग हसायला लागला! किती दिवसांनी. हसता हसता खोकला. "एकदा तं मले भाऊ केलंस, मंग आजारी पाडलंस. आता पुढच्या गावाले मारूनच टाक! तिकून तेरवीचं सामान घेऊन येजो."

मीही हसलो. लगेच त्याचं हसू थांबलं.

"तू माझ्यासाठी खोटं बोलून राह्यला असं वाटते ना तुले?"

"नाही तर कोणासाठी?"

"चांद्याले लाखो लोकाईत उभा राहून म्या नवं आयुष्य घेतलं. घरी आलो. आन् तुले माझं नुसतं नावबी तोंडातून काढता आलं नाई, लटारू."

लटारू म्हणाला. तेवढ्यानेच मला रडू फुटलं. लाज वाटली, पण रडलो. गुणाबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. प्यायलो. त्या घरचं पाणी आज पहिल्यांदा प्यायलो. पंधरा-सोळा वर्षांची म्हणे जोडी!

विचारलं, "शंकरपटाच्या खेळाला येशील?"

"चिचटोल्याले जाऊन माझं नाव सांगून ये. मंग पाहू."

मध ठेवून घेतला त्याने. मुळी परत दिली. म्हणाला, "तुलेच लागन."

२ जानेवारी १९५७

गेलो नाही. लच्छूला घेऊन वरोऱ्याकडचा एक खेळ उरकला. लोक मधेच उठले. मुखरूभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.

६ जानेवारी

आज नक्की जायचं ठरवलं होतं. पेटीचा सूर पुन्हा चिकटला म्हणून बसून राहिलो. सूर मीच बोटाने दाबून पाहत होतो, चिकटलाय का ते.

१३ जानेवारी, रविवार

भीती कसली वाटते मला? मार खायची नाही. गुणवंतराव म्हणतील, मास्तर, आम्हाला बाटवलंत — तर म्हणू देत. गावात पुन्हा बोलावणार नाहीत, तेही चालेल. त्याच तोंडाने पुन्हा बोलायचं, याची भीती आहे. सारं गाव ऐकत असताना जे तोंड खोटं बोललं तेच घेऊन जायचं. दुसरं कुठून आणू?

सुगंधाने भाकरी बांधून ठेवली आहे. म्हणाली, "उद्याच्याले तीळसंक्रांत, मंग पाहुने. आता नाई गेले तं कधीच जानार नाई तुमी."

पुढच्या रविवारी. पक्कं.

२० जानेवारी, रविवार

चिचटोल्याला जाऊन आलो. गुणवंतराव खळ्यावर होते, मळणी चालली होती, बरीच माणसं होती. सगळ्यांसमोरच एका दमात सांगून टाकलं — तो माझा मावसभाऊ नाही, नथ्थू आहे, दीक्षा घेतलेला आहे, मी घाबरून खोटं बोललो.

कोणी चमकलं नाही. गुणवंतरावांनी मला बाजूला बसवलं.

"मले माहीत होतं, मास्तर. तुमी झोपून होते तवा सकारीच तो माझ्या घरी आल्ता, एकटाच. आपलं नाव सांगितलं, दीक्षेचं सांगितलं. म्हने, पंगतीत बसवत असान तं वाजवतो, नाई तं आत्ताच वापस जातो. म्या दिवसभर गाव समजावलं. दोघं-तिघं रागानं उठून गेले, बाकी राह्यले. जागा माझ्या बाजूची ठेवली होती. त्याचं नाव तेवढं तुमच्या तोंडून सगळ्याईनं आयकावं, म्हनून मोठ्यानं इचारलं."

"मग मी मावसभाऊ म्हणालो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"गावाले त्याची लाज नोहती, तुमाले होती. चारचौघात तुमची लाज कशी उघडी पाडू?"

जेवून जा म्हणाले. नको म्हणालो. परतताना सरळ रस्ता नथ्थूच्या दारावरून होता. मी शेताच्या बांधाने आलो.