जुन्या कॉम्प्युटरवर पप्पांचा ट्रक

४ नोव्हेंबर, मंगळवार
फर्स्ट शिफ्ट करून आले तर पप्पा माझ्या डिप्लोमाच्या वेळच्या कॉम्प्युटरसमोर. ट्रक चालवायचा गेम कुणाच्या तरी मोबाईलवर बघितलाय, तो यात चालेल का म्हणाले. पॅरालिसिसचा झटका येऊन सात महिने झाले. तेवढ्या काळात स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. टाकून बघितला. चित्र अडकत अडकत सरकतं. ट्रक गेटपर्यंत जायच्या आत पप्पा उठून गॅलरीत गेले.

६ नोव्हें., गुरुवार
कॅन्टीनला मेन्टेनन्सच्या संदीपला विचारलं. नवीन मशीन परवडणार नाही हे आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, नवीन नकोच. प्रोसेसर बरा आहे, राहू दे. रॅम कमी, हार्ड डिस्क म्हातारी, ग्राफिक्स कार्ड नाहीच. आधी डिस्कच्या जागी एसएसडी, मग रॅम, मग कार्ड.
"आणि ताई, मोठ्या कार्डाच्या मोहात पडू नका. पॉवर सप्लाय जुना आहे तुमचा. झेपणार नाही त्याला."

९ नोव्हें., रविवार
कासारवाडीला सेकंडहँडच्या दुकानात. दोन कार्डं होती. मोठ्यात चित्र सुंदर, पण मग सप्लायही बदला, आणि गेमच्या स्टिअरिंगला पैसे उरत नाहीत. छोट्याला वेगळी वायरही लागत नाही, बोर्डावरूनच वीज घेतं. बराच वेळ ठरेना. पप्पांचा डावा हात अजून वळत नाही, कीबोर्डवर ते काय करणार? छोटं घेतलं. दुकानदाराला अर्धा तास चालवून दाखवायला लावलं, तापतंय का बघायला. रॅम वापरलेली, एसएसडी तेवढी नवी. स्टिअरिंगही जुनंच, खाली दोन पेडल.
आई म्हणाली, हात उचलवत नाही त्या माणसाला खेळणं कशाला.

१२ नोव्हें., बुधवार
संदीपने येऊन सगळं बसवून दिलं. आतली धूळ बघून आई लाजली. सावल्या बंद, चित्र जरा जाडंभरडं ठेवलं. पण चालतं. न अडकता.

१३ नोव्हें., गुरुवार
पप्पांनी शर्ट बदलला. खुर्ची दोनदा पुढेमागे केली. उजवा हात स्टिअरिंगवर, उजवा पाय पेडलवर, गिअर आपोआप. सव्वीस वर्षं महाळुंग्याहून गाड्या भरलेला ट्रेलर नेला या माणसाने, चेन्नई, गुडगाव. आधी आरसे कुठायत ते विचारलं. नंतर तासभर नजर रस्त्यावरच. पाठ किती ताठ होती.

१६ नोव्हें., रविवार
सारखे ठोकतात. आणि दरवेळी डाव्या बाजूला. टोलनाका, उभी रिक्षा, डावीकडून येणारी बाईक. गेम खोटा आहे म्हणतात, गाड्या एकदम उगवतात. मला वाटलं कार्ड कमी पडतंय. सेटिंग आणखी उतरवली, संदीपला फोन केला. मग स्वतः चालवलं. गाड्या लांबूनच दिसतात.
दुपारी जेवताना पप्पांचं ताट बघितलं. उजवीकडचा भात संपलेला. डावीकडे वांग्याची भाजी आणि अर्धी भाकरी तशीच. आई म्हणते, आजारपणापासून भूकच कमी झालीय. मी ताट फिरवलं.
"हे कधी वाढलं?" पप्पा म्हणाले. आणि सगळं खाल्लं.
आई माझ्याकडे बघत राहिली.

१७ नोव्हें., सोमवार
आईने आज सांगितलं. ट्रान्सपोर्टच्या जुन्या शेठनी पप्पांना एक तारखेपासून छोटा टेम्पो दिलाय. देहूरोड ते चाकण. पप्पा हो म्हणून बसलेत, पोरीला सांगू नको म्हणाले होते. गेमवर हात बसवत होते. मला वाटलं, वेळ जावा म्हणून...

१९ नोव्हें., बुधवार
सुट्टी टाकली. डोळ्यांचे डॉक्टर. ठिपका दिसला की बटण दाबायचं. डावीकडचा एकही ठिपका नाही. डोळे चांगले आहेत म्हणाले, मेंदूला डावी बाजू पोचत नाही. थोडी परत येईल, कदाचित नाही येणार. तीन महिन्यांनी परत तपासू. तोवर गाडी अजिबात नाही.
रिक्षा निगडीला आली. पप्पा एवढंच म्हणाले, "माझ्या गाडीला आजपर्यंत माणूस लागला नाही."
मी हात धरला. डावा. त्यांना कळलं की नाही माहीत नाही.

२३ नोव्हें., रविवार
चार दिवस कॉम्प्युटर बंद. आईने त्यावर चादर टाकलीय. म्हणाली, हे आणलंच नसतंस तर. पुढचं बोलली नाही. तिला काय म्हणायचं होतं ते ठरवता येत नाही. आणलं नसतं तर एक तारखेला ते चाकण रोडला असते, शाळा सुटायच्या वेळेला. हे तिलाही कळतं. पण माणूस घरात असा बसलेला बघवत नाही.

२८ नोव्हें., शुक्रवार
शेठचा फोन दोनदा येऊन गेला. पप्पांनी उचलला नाही. मी उचलू का विचारलं तर नको म्हणून मान हलवली.
संध्याकाळी घरी आले तर चादर घडी करून ठेवलेली. कॉम्प्युटर सुरू. त्यांच्या डाव्या हाताला एक स्टूल.
"बस इथं. क्लीनर बसतो तिकडं. डावीकडचं तू सांगायचं."
बसले. सांगत गेले, कंटेनर आहे. आता मोकळं. बाईक येतेय, येऊ द्या. ते हळू चालवत होते, माझ्या शब्दाच्या मागे मागे. एकदाही लागलं नाही. आई दारात येऊन उभी राहिली.
मध्येच विचारलं, शेठना कधी सांगणार.
"गाडी चालू असताना डायवरशी बोलू नये."
"सोमवारी एक तारीख आहे पप्पा."
पप्पांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. दोघंही समोर बघत बसलो. गेममधल्या गाड्या शेजारून जात राहिल्या.