जुन्या सागाखालची शाळा

मानोऱ्याजवळचा तांडा,
आषाढ १९५४

तीर्थरूप मायले जानरावचा केनवडच्या उंबरठ्यापर्यंत वाकून नमस्कार.

मी खुशाल हाये. तांड्यातली हिरीबाई रोज भाकर पाठवते, तवा जेवनाची फिकीर करू नको. तुह्या गुडघ्याचं कसं हाये? धाकला भाऊ पुंजाजी घरी हाये का मजुरीले गेला?

इथं वनमहोत्सव झाला. साहेबासाठी मांडव पायजे म्हनून ठेकेदारानं जुन्या रानातले साग पाडले. त्याच मांडवात बसून साहेबानं माह्या शाळेतल्या पोरायले झाडं वाचवाचं शिकवलं! मंग बोटभर रोपटं लावलं, फोटो काढला अन् हात पुसले. जीप वळत नाई तं बकरीनं रोपटं खाल्लं. साऱ्या कार्यक्रमात अक्कल तेवढी तिलेच होती.

मांडव निघाला, पन ठेकेदार काई निघाला नाई. चटक लागली लेकाले! उरलेलं रानबी पाडाले निघाला. मंग मी शाळाच सागाखाली नेली. पोरं बुंध्याले पाठ लावून पाढे म्हनतात. कुऱ्हाडवाले आले, तं ते याच पोरायचे बाप. रामी आपल्या बापाले म्हने, "मी उठत नाई. पाड झाड." सारे कुऱ्हाडी घेऊन घरी गेले.

ठेकेदार बदलीची धमकी देऊन राह्यला. त्याले कोन भीक घालते? पन आता तो केनवडकडून मजूर आनतो म्हनते. त्यायची पोरं माह्या शाळेत नाईत.

पुंजाजीले बोलावनं आलं असंल तं अडवू नको, माय. येऊ दे त्याले कुऱ्हाड घेऊन. सागाखाली त्याले मीच बसलेला दिसीन.

तुहा,
जानराव