माझा पूल आणि माझंच मत

४ जानेवारी १८७४
उद्या राजधानीला निघतो. आमदार लेम्युएल प्राउटी! लिहूनच बरं वाटलं. सीडर फोर्ड हे गाव मीच वसवलं. घरं नॉर्वेहून आलेल्यांनी बांधली, पण फळ्या माझ्या गिरणीतल्या आणि खिळे माझ्या दुकानातले. आता नदीवर पूल. गेल्या वसंतात बर्फ फुटला तेव्हा नावाडी आसेन बुडाला. त्याची बायको गुड्रुन आता तीच नाव दोरावर ओढते. तिला शब्द दिलाय. आरशासमोर भाषणाची तयारी चालू आहे. माझी बायको फिलीना म्हणते, आरशाला पाठ झालं, आता तुमचंच राहिलंय. बायकांना राजकारण कळत नाही.

१९ जानेवारी
संकल्प: प्रत्येक विधेयक अथपासून इतिपर्यंत वाचणार. पुलाचा मसुदा समितीकडे दिला. शेजारच्या बाकावर कर्नल बेल्डन, मुरलेला गडी. त्याने कानमंत्र दिला की कळलं नाही तर 'नाही' म्हणावं. 'नाही' म्हणणाऱ्याला कुणी मूर्ख समजत नाही.

२ फेब्रुवारी
वाचन उद्यापासून. छापील कागदांचा ढीग वाढलाय. एक बरं आहे, मागची बाजू कोरी असते.

१२ फेब्रुवारी, दुपारी
आज तीनदा 'नाही'. कर्नलने पाठ थोपटली. शेवटचं कसलंसं 'नदीमार्ग सुधारणा' होतं, आगबोटवाल्यांचं असणार. एका मताने पडलं. माझ्या मताला वजन आलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भाषणाची पानं लावताना एक उलटं पडलं. नदीमार्ग सुधारणा. कलम चार: सीडर फोर्ड येथे पूल. समितीने माझा मसुदा त्यात घातला होता. तीन दिवस माझ्याच टेबलावर होतं ते. त्याच्याच पाठीवर मी लिहिलं होतं, 'सद्गृहस्थहो, हा पूल म्हणजे माझा प्राण.'
जेवलो नाही. तसं खाणावळीतलं मटण चिवटच असतं.

१३ फेब्रुवारी
चिटणीसाला विचारलं, मत बदलता येईल का. म्हणाला, काल येत होतं.

९ मार्च
घरी परतलो. ठरवलं होतं, उतरल्याबरोबर सांगून टाकायचं. पण मला घ्यायला अख्खा गाव नदी ओलांडून धक्क्यावर आलेला. पुलाचं विधेयक पडल्याची बातमी आधीच पोचलेली. मी म्हणालो, राजधानीत लबाड लोक फार. गुड्रुनबाईंनी माझी पेटी स्वतः नावेत ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही एकटे काय काय करणार?"
पलीकडे पोचेपर्यंत मी पाण्याकडेच बघत होतो. दोर ओढून त्यांचे तळवे सोललेत.

१५ मार्च, रविवार
आज चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगणार होतो. घसा बसला. फिलीनाने विचारलं, बसला की बसवलात? तिला काहीतरी कळलंय.

७ एप्रिल
सभागृहाचा छापील अहवाल आला. पाद्रीबुवांनी माझ्याच दुकानात मोठ्याने वाचला. विरोधात मत देणारे: बेल्डन, क्रेन, प्राउटी. सगळे माझ्याकडे वळले. तेवढ्यात गुड्रुनबाई म्हणाल्या, "छापणाऱ्याची चूक आहे. हा माणूस आमच्याविरुद्ध जाणार नाही."
आणि त्यांनी पाद्रीबुवांकडून छापखान्याला चांगलं खरमरीत पत्र लिहून घेतलं. पहिली सही माझी मागितली. केली. अक्षर थरथरीत आलं. टाक खराब होता.
टाक खराब नव्हता.

२१ एप्रिल
उत्तर आलं. गुड्रुनबाईंनी पाकीट न फोडता मलाच आणून दिलं, वाचा म्हणाल्या. दुकानात आम्ही दोघंच. मनात येईल ते वाचून दाखवता आलं असतं. त्यात एकच ओळ होती: नोंद तपासली, बरोबर आहे. आहे तशी वाचली.
मग सगळं सांगितलं. कागद टेबलावर होता, मी वाचला नव्हता.
त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाल्या, "मला इंग्रजी वाचता येत नाही, प्राउटी. म्हणून मी दुसऱ्याला विचारते."
त्या नावेवर गेल्या. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. पलीकडून कुणीतरी हाका मारत होतं.