डब्यातला वरवंटा

आप्पा, काल आपल्या गिरणीत दळणाच्या डब्यातून इस्त्री निघाली. कपड्यांची इस्त्री, चांगली वजनदार, वायर नीट गुंडाळून जुन्या फडक्यात बांधलेली. बायका ओळीत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाठ केली, इस्त्री काढून पोत्यांच्या मागे सारली आणि तोंडावरचं फडकं जरा वर ओढून घेतलं, कारण मला हसू आवरेना. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असतात आणि मग चार शिंका दिल्या असत्यात. हसलात की तुमच्या नाकात पीठ जायचं. इस्त्री डब्यात का होती हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाकीचं बरंच सांगायचं राहिलंय.

तुम्ही गेल्याला आता वीस वर्षं होऊन गेली. गिरणी धाकटा चालवतो. पट्ट्याची जुनी मोटर जाऊन नवी आली, भिंतींवर पीठ मात्र तसंच बसतं आणि ज्वारी दळताना तो गरम वास तसाच येतो. शाळेतली नोकरी संपल्यापासून मी दुपारची तास-दोन तास तिथे बसते. धाकटा म्हणतो, "ताई, तू नुसती बस की, डबे उचलू नको, कंबर धरंल." मी काही ऐकत नाही. ऐकून घ्यायची सवय आपल्या घरात कुणालाच नव्हती, मला कुठून लागणार?

तुमच्या वेळी दाराजवळ पत्र्याचं पिंप असायचं. दळण घेऊन आलेली बाई आधी आपल्या डब्यातली ओंजळभर ज्वारी पिंपात टाकायची आणि मग डबा ओळीत लावायची. पाटी नव्हती, कुणी मागत नव्हतं. गल्लीत नवी सून आली की सासू तिला पिंप दाखवायची, एवढंच. ते धान्य कुणाच्या घरी जाणार हे तुम्ही आणि समोरच्या बालवाडीच्या बाई ठरवायचात. कुठल्या पोराच्या डब्यात सलग चार दिवस काही नाही हे बाईंना कळायचं, आणि आठवड्याला येणारं कुणाचं दळण पंधरा दिवसांवर गेलं हे तुम्हाला. कापडाच्या मिल बंद पडल्या तेव्हा तर रोज कुणाचं ना कुणाचं दळण लांबायचं. बाई नुसत्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि तुम्ही म्हणायचात, "कळलंय बाई, डबा येऊ द्या."

डबाच यायचा. धान्य घरी पोचवायचं नाही, कुणाला बोलावून द्यायचं नाही, ही तुमची रीत. ज्या घरातली ज्वारी संपली त्या घरच्या बाईने चारचौघींसारखा डबा आणायचा, ओळीत लावायचा, दळणाचे पैसे सगळ्यांसमोर द्यायचे. ओळ पुढे सरकली की तुम्ही तिचा डबा मागे घेऊन पिंपातल्या ज्वारीने भरायचात आणि दळायचात. शेजारणीशी बोलत बोलत ती गरम पिठाचा डबा घेऊन घरी जायची. अडचण एकच होती. रिकामा डबा खाली ठेवला की वाजतो, आणि गल्लीतल्या बायकांचे कान तुम्हाला माहीत होते. त्यावर तुम्हीच तोड काढलीत. "वयनी, डब्यात वरवंटा टाकून आना. वर फडकं दाबून बसवा. जड बी लागंल आन वाजनार बी न्हाय." दळायच्या आधी तो काढायचा, आणि डबा भरला की फडक्यात गुंडाळून पिठातच खोचून द्यायचा. तुम्ही हे आईला कधी सांगितलं नव्हतं, पण तिच्यापासून काय लपणार होतं? ती चुलीपुढे बसलीय, तव्यावर भाकरी फुगलीय, तुमच्या ताटात शेंगाची चटणी वाढता वाढता ती म्हणते, "आज कुणाच्या घरी वाटन वाटायचं ऱ्हायलं म्हनायचं?" आणि तुम्ही ताटात बघून जेवताय, कान मात्र लाल.

मी बारावीला असताना तुमचा हात पट्ट्याने दुखावला आणि मी कॉलेज सुटलं की गिरणीवर यायला लागले. तेव्हा तुम्ही मला हे सगळं सांगितलंत. अगदी हळू आवाजात, मोटर चालू ठेवून. मागच्या भिंतीशी कुणाचा डबा जातो हे मला कळायला लागलं. त्यात अक्कांचा डबा होता. विड्या वळणाऱ्या अक्का, मांडीवर सूप घेऊन दिवसभर ओट्यावर बसायच्या, घरात तेलुगू आणि आपल्याशी मराठी. त्यांच्या नवऱ्याची मिल बंद पडलेली. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, माझ्यापेक्षा हुशार, आणि ते मला फारसं आवडत नव्हतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात ती नवा सलवार-कमीज घालून आली. गर्द निळा, पांढऱ्या पट्टीचा. मी तुमच्याकडे ड्रेसचं कापड मागितलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "दिवाळीला बगू की." पिंपात ज्वारी कमी पडली की तुम्ही आपल्या पोत्यातली घालायचात, तेही मी बघत होते.

त्या दिवशी वीज गेली होती. ती आली तेव्हा गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला होता, त्याला टाकी लावून खडबडीत करायला तुम्ही माणूस आणायला गेला होतात. मी एक डबा उचलला, झाकण काढलं, फडकं काढलं, आणि आतला वरवंटा हातात उंच धरून म्हणाले, "अक्का, वरवंटा दळायचाय व्हय?" सगळ्या बायका हसल्या. अक्काही हसल्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "पोरगं खेळत होतं, त्येनं टाकलं असंल बग." मग त्यांनी झाकण लावलं, रिकामा डबा कमरेवर घेतला आणि ओळीतून वाट काढत निघून गेल्या. वरवंटा माझ्याच हातात राहिला.

तुम्हाला गिरणीत शिरायच्या आधीच कळलं होतं. गर्दी सरेपर्यंत तुम्ही एकामागून एक डबे दळत राहिलात. मग तोंडावरचं फडकं सोडून म्हणालात, "हितं आपन तोंड बांधून बसतो ते काय नुसतं पीठ जाऊ नये म्हनून? गडबडीत झालं असंल, पर लई वाईट झालं पोरी." एवढंच. त्यापेक्षा दोन तोंडात दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एका हातात पिठाचा डबा आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला वरवंटा घेऊन अक्कांच्या दारात गेलात. मी कोपऱ्यावर उभी होते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही दोन्ही वस्तू ओट्यावर ठेवून हात जोडलेत. "लेकरू हाय, चुकून तोंडातनं गेलं. माज्याकडं बगून पदरात घ्या." अक्का विड्या वळायच्या थांबल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या दादा तुमच्याकडंच. वरवंटा बी ऱ्हाऊ द्या. वाटायला तरी काय हाय घरात?" तुम्ही दोन्ही वस्तू घेऊन परत आलात. त्या पुन्हा कधी आपल्या गिरणीत आल्या नाहीत. दूरच्या गिरणीतून त्यांची मुलगी छोटी पिशवी घेऊन येताना दिसायची, आणि वर्षभराने ते घरच बदलून गेले.

आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी ड्रेसचं कापड आणलंत. दिवाळी लांब होती. मी दोन दिवस जेवले नव्हते, तर तुम्हाला वाटलं पोरगी मनाला लावून घेऊन बसलीय. "झालं गेलं, आता तोंड पाडून बसू नको," म्हणालात आणि कापड माझ्या मांडीवर टाकलंत. तो ड्रेस घालून मी वर्गात अक्कांच्या मुलीशेजारी बसले तेव्हा जवळून पहिल्यांदा तिचा निळा ड्रेस दिसला. शाळेच्या युनिफॉर्मचं कापड होतं ते, युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यातून आणलेले उरलेले तुकडे जोडून शिवलेलं. जोड इतके सफाईदार होते की लांबून नवं कापड वाटावं. तिने माझ्या ड्रेसवर हात फिरवला आणि म्हणाली, "छान हाय ग." आप्पा, तो ड्रेस मी पाच वर्षं वापरला, कारण टाकून द्यायचा तरी काय सांगून?

आता आपल्या भागात रीतसर संस्था आहे. मीही तिच्यात आहे. दर महिन्याला गहू, डाळ, तेल, साखर, साबण असं किट देतो. चांगलं काम आहे, मला त्यात खोट काढायची नाही. पण आधार कार्डाची झेरॉक्स लागते, मागे फलक लावतात आणि देणगीदारांना पाठवायला फोटो काढतात. फोटो काढायचं काम माझ्याकडे. मागच्या महिन्यात ओळीत माझ्याच खालच्या मजल्यावरची बाई उभी होती. ती युनिफॉर्म शिवते. कारखान्याचं काम थांबलं, नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, दोन मुलं शाळेत. तिचा नंबर आला तेव्हा मी मोबाइल वर धरून म्हणाले, "ताई, किटला हात लावा आणि जरा इकडे बघा." तिने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या ओळीकडे. "तव्यावर भाकरी हाय, आलेच," म्हणाली आणि गेली. ती येणार नाही हे मला तिची पाठ दिसली तेव्हाच कळलं. तशीच पाठ मी आधी एकदा गिरणीत बघितली होती. पुढचे चार दिवस खालच्या मजल्यावरून भाकरी थापल्याचा आवाज आला नाही. मी फरशीला कान लावून ऐकायची, हे कुणाला सांगायला लाज वाटते.

अध्यक्षांना मी म्हणाले की फोटो बंद करा. ते म्हणाले, "मॅडम, फोटो न्हाय तर देनगी न्हाय. मग कुनालाच काय मिळनार न्हाय." त्यांचंही खरं आहे. शेवटी मी म्हणाले, किट तुमच्या पद्धतीने चालू द्या, मला दर महिन्याला ज्वारीचं एक पोतं द्या आणि ते कुठे गेलं हे विचारू नका. पुष्कळ वाद झाला. तीस वर्षं मी शाळेत वर्ग सांभाळलेत, वाद मी जिंकले. धाकट्याने दाराजवळ निळं प्लॅस्टिकचं पिंप ठेवलं. जुन्या बायकांनी ते बघितलं आणि काही न विचारता ओंजळ ओंजळ टाकायला लागल्या. एकीने तर तुमचं नाव घेऊन डोळे पुसले, मग ज्वारी महाग झाल्याचं सांगून अर्धी ओंजळ परत घेतली.

खाली जाताना मी ब्लाउज उसवायचं निमित्त नेलं. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या गिरणीत दळण टाकत जावा की. डबा घेऊन यायचा, बाकीचं आम्ही बघतो. फक्त डब्यात जरा वजन असू द्या." ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग मान वर न करता विचारलं, "किती वजन?" मला रडूच आलं असतं. दोन दिवस ती आली नाही. काल दुपारी आली, डबा ओळीत लावला, पुढच्या बाईशी उन्हाबद्दल बोलली, दळणाचे पैसे दिले. वरवंटा आता कुणाच्या घरी असतो? सगळीकडे मिक्सर. तिच्याकडे इस्त्री होती. पीठ नेताना तिच्या पिशवीत मी ती खालून सरकवली. डबा उचलताना माझ्या मनगटाला तिचा हात लागला आणि क्षणभर तिथेच राहिला. संध्याकाळी खालून भाकरी थापल्याचा आवाज आला. मी मोजल्या नाहीत, फक्त ऐकत बसले.

हे पत्र तुमच्या गिरणीतल्या फोटोमागे ठेवावं म्हटलं तर धाकटा धूळ झटकताना वाचेल. म्हणून ते घडी करून माझ्या कपाटात अक्कांच्या वरवंट्याखाली ठेवणार आहे. हो, तो माझ्याकडेच आहे. त्याच्यावर मी कधी काही वाटलं नाही. आप्पा, तुम्ही शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलात की पोरीच्या तोंडातून ते चुकून गेलं, अक्कांच्या दारातही हेच सांगून हात जोडलेत, आणि मी ते सांगू दिलं. चुकून गेलं नव्हतं. वीज गेलेली असताना मी मागच्या भिंतीशी जाऊन तुम्ही तिथे सारून ठेवलेला अक्कांचा डबा उघडून बघितला होता, झाकण परत लावलं होतं, डबा पुढच्या ओळीत आणून ठेवला होता. आणि मग ओळीतल्या बायकांची गर्दी वाढायची वाट बघत बसले होते.